सात मण्यांची खिडकी

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. तिचा नेमका कोणता तुकडा आपली प्रतिकारशक्ती हेरेल, हे आधीच कळलं तर लस शोधणाऱ्यांची केवढी पायपीट वाचेल! १९९० साली पुणे विद्यापीठातल्या कोळस्कर आणि टोणगावकर यांनी त्यासाठी एक साधी युक्ती मांडली. वीस अमिनो आम्लांना एकेक आकडा द्यायचा, माळेवरून सात मण्यांची खिडकी सरकवत सरासरी काढायची. सरासरी जिथे चढते, तो तुकडा तपासायला घ्यायचा. जगभरचे संशोधक ही पद्धत आजही वापरतात.

हे आकाशातून पडलं नाही. प्रथिनांच्या घड्यांचं गणित जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ मध्येच मद्रासला मांडलं होतं. पुढे सामान्य भारतीयाच्या घरी इंटरनेट पोहोचण्याच्या कितीतरी आधी, ऐंशीच्या दशकात, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने जैवमाहिती केंद्रांचं देशव्यापी जाळं विणायला घेतलं. पुण्याचं केंद्र त्यातलंच. यंत्रं विकत मिळतात. जीवशास्त्र आणि संगणक दोन्ही जाणणारी माणसं मात्र घडवावी लागतात, आणि पुण्याने ती घडवली, हे मोलाचं.

आता फरिदाबादच्या राष्ट्रीय विदागारात दहा हजार भारतीयांचे जनुकसंच साठवले आहेत. ते वाचायला अशीच माणसं हवी आहेत.