जुन्या ट्रकला चढावर दम कसा आणायचा? (एपिसोडची लिखित प्रत)

कानात हेडफोन, हातात चहा असेल तर उत्तमच. आज विषय इंजिनाचा, आणि प्रश्न आलाय थेट अमेरिकेतल्या डेन्व्हरहून. आपला एक श्रोता विचारतो, “दादा, १९९२ ची डॉज पिकअप घेतली. पाच गिअरची, कमिन्सचं डिझेल इंजिन. रिकामी असताना मस्त पळते, पण मागे ट्रेलर लावून डोंगर चढायला घेतला की दम खाते. पॉवर कशी वाढवू?”

त्याचा डोंगर म्हणजे साधासुधा नाही. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की आयझेनहॉवर बोगदा लागतो, ११ हजार फुटांहून उंच. आपला खंडाळ्याचा घाट त्याच्यापुढे पोरगा. वर हवा विरळ, मागे ओझं, आणि चढ काही संपत नाही.

पहिली गोष्ट: मित्रा, तुला पॉवर नकोय, तुला टॉर्क हवाय. तोही खालच्या आरपीएमला.

टॉर्क आणि हॉर्सपॉवर

टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. हॉर्सपॉवर म्हणजे तो जोर किती वेगाने लावला जातोय ते. या इंजिनाचा कंपनीचा आकडा होता १६० हॉर्सपॉवर, २५०० आरपीएमला. पण टॉर्क सगळ्यात जास्त कुठे? १७०० च्या आसपास, साधारण ५४० न्यूटन-मीटर. २५०० ला पोचेपर्यंत तो ४५५ वर आलेला असतो. म्हणजे बघा, गाडी खरी ओढते ती खालीच.

असं का? सहा सिलिंडर एका ओळीत, एकूण ५.९ लिटर. पिस्टनचा व्यास १०२ मिलिमीटर, पण वर-खाली प्रवास १२० मिलिमीटर. लांब पान्याने नट सोपा सुटतो ना, तसंच हे. लांब स्ट्रोक, लांब क्रँक, जास्त पीळ.

आधी तब्येत, मग व्यायाम

तीस वर्षं जुन्या इंजिनात लगेच पाना घालू नका. आधी हरवलेला दम परत आणा. डिझेल फिल्टर बदला. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी पाइपांतून हवा गळते का बघा. टॅपेट सेट करा: इंजिन थंड असताना इनटेकला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.५१ मिलिमीटर. या इंजिनाची एक बदनाम खोड आहे. टायमिंग गिअरच्या कव्हरमागची छोटी स्टीलची पिन थरथरून सैल होते आणि फिरत्या गिअरमध्ये पडते. पडली की संपलं. एक पत्रीची टाचणी लावून ती अडवता येते. हे आधी करा.

मीटर लावल्याशिवाय स्क्रू फिरवायचा नाही

डिझेल इंजिनात पॉवर म्हणजे किती डिझेल टाकलं ते. पण ते जळायला हवा लागते. हवा कमी पडली की काळा धूर. कुणाला तो धूर भारी वाटतो. तो तुमच्या खिशातला न जळलेला पैसा आहे. आणि डिझेल जास्त झालं की एक्झॉस्टचं तापमान चढतं.

म्हणून दोन मीटर आधी: एक टर्बोचा दाब दाखवणारं, दुसरं टर्बोच्या आधीचं एक्झॉस्ट तापमान दाखवणारं. लांब चढावर ६७५ अंश सेल्सिअस ही बहुतेक जण पाळतात ती मर्यादा. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. तेलामुळे तो थंड राहतो म्हणून लगेच वितळत नाही, पण दहा मिनिटं सलग काटा वर राहिला तर तेलालाही मर्यादा आहे. काटा चढला की पाय उचला, गिअर खाली घ्या.

आता बदल, याच क्रमाने

एक, हवा. टर्बोच्या एक्झॉस्ट बाजूची हाउसिंग थोडी लहान घेतली की टर्बो लवकर फिरू लागतो, म्हणजे १५०० च्या आसपासच हवा मिळते. तोटा: वरच्या आरपीएमला एक्झॉस्ट कोंडतो. ओढणाऱ्या गाडीला हा सौदा परवडतो.

दोन, डिझेल. या वर्षीच्या गाडीत बॉशचा रोटरी पंप आहे. त्यावर एक डायफ्रॅम असतो. टर्बोचा दाब येईपर्यंत तो डिझेल रोखून धरतो. खालचा दम इथेच अडतो. आधी तो जुळवा. मुख्य डिझेल स्क्रू शेवटी, आणि पाव-पाव आटाच. तो फिरवला की आयडलही वाढतं, ते पुन्हा खाली आणावं लागतं. जास्त फिरवला तर इंजिन आपोआप रेस होऊन हाताबाहेर जाऊ शकतं.

तीन, क्लच. टॉर्क वाढला की सगळ्यात आधी जुनी क्लच प्लेट घसरते. त्याचे पैसे बाजूला ठेवा.

आणि चार, जे कुणी सांगत नाही: क्राऊन-पिनियन. मागच्या ॲक्सलचं प्रमाण ३.५४ असेल आणि ४.१० केलं, तर इंजिनाला हात न लावता चाकावरचा जोर जवळपास १६ टक्के वाढतो. हायवेवर आरपीएम जास्त, मायलेज थोडं कमी. पण पिस्टनवर ताण नाही.

चढला, पण उतरणार कसा?

मंडळी, खरा धोका इथे आहे. इंजिन वाढवलं म्हणून गाडीची ओढायची अधिकृत मर्यादा वाढत नाही. ब्रेक, फ्रेम, ॲक्सल तेच आहेत. बोगद्यापलीकडे तितकाच उतार आहे, आणि डिझेल इंजिन पेट्रोलसारखं स्वतःहून गाडी धरत नाही. पहिला खर्च करायचाच असेल तर एक्झॉस्ट ब्रेक आणि ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक यांवर करा.

आपल्याकडचं काय?

हे इंजिन परकं नाही. कमिन्स पुण्यात १९६२ पासून आहे, आणि १९९३ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कमिन्समधून याच बी-सिरीजची इंजिनं आपल्या ट्रकांत आली. पण इथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे: कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. अमेरिकेतही प्रदूषण रोखणारे भाग काढणं बेकायदा आहे. त्यामुळे हे ऐकून थेट गॅरेज गाठू नका. टॅपेट, फिल्टर, हवेची गळती मात्र कुठेही बिनधास्त तपासा. बऱ्याच गाड्यांचा अर्धा दम तिथेच अडकलेला असतो.

डेन्व्हरच्या मित्रा, आधी मीटर, मग ब्रेक, मग पंप. चढून झालं की व्हॉइस नोट पाठव. उतरून झाल्यावर पाठवलीस तर जास्त आनंद होईल. भेटू पुढच्या भागात!