कचऱ्याखालचं अस्तर

मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे आणि त्या ढिगाखाली अस्तर नाही. पावसाचं पाणी कचऱ्यातून झिरपताना क्षार, अमोनिया, धातू असं बरंच काही बरोबर घेतं. या काळपट, उग्र पाण्याला लीचेट म्हणतात. ते विहिरींपर्यंत पोचू नये म्हणून २०१६च्या घनकचरा नियमांनी क्षेपणभूमीच्या तळाला दुहेरी बंदोबस्त सांगितला: खाली ९० सेंटिमीटर चिकणमाती, वर दीड मिलिमीटर जाडीचं एचडीपीई प्लास्टिक.

दोन्ही कशाला? हिशेब करून पाहू. तळाशी ३० सेंटिमीटर लीचेट साचलंय असं धरा. नियमात बसणारी, पण नुसतीच चिकणमाती असेल, तर एका हेक्टरमधून रोज हजारभर लिटर लीचेट खाली उतरू शकतं. वाळूवर नुसतं प्लास्टिक अंथरलं आणि त्याला एक चौरस सेंटिमीटरचं भोक पडलं, तर त्या एका भोकातूनच रोज बारा हजार लिटर! तेच भोक मातीला घट्ट चिकटलेल्या प्लास्टिकला पडलं, तर गळती जेमतेम अर्धा लिटर. भोकाखाली लगेच माती आडवी येते आणि पाण्याला पसरायला जागाच उरत नाही.

सगळी मदार या चिकटण्यावर आहे. दुपारच्या उन्हात प्लास्टिक फुगून सुरकुत्या पडतात. सुरकुतीवर भोक पडलं, की लीचेट तिच्या पोकळीतून लांबवर पळतं. म्हणून पत्रा सपाट असताना, गारव्यातच त्यावर पुढचा थर टाकायचा असतो. दोन पत्र्यांचा सांधा तापवून दुहेरी जोडतात, मधे बारीक नळी सोडतात. तिची टोकं बंद करून सुईने हवा भरायची आणि दाबमापकाचा काटा उतरतो का, ते पाहायचं.

चिकणमाती महाग पडते तिथे बेंटोनाइट या पाण्याने फुगणाऱ्या मातीची जेमतेम सेंटिमीटरभर जाडीची चटई वापरतात. पाणी ती उत्तम अडवते. पण लीचेटमधलं कॅल्शियम बेंटोनाइटमधल्या सोडियमची जागा घेतं, तेव्हा त्याची फुगण्याची ताकद घटते. शिवाय टोल्युइनसारखी द्रव्यं अखंड प्लास्टिकमधूनही रेणूरेणूने पार होतात. त्यांना थोपवायला खालच्या थराची जाडीच लागते, आणि चटई तिथे उणी पडते. घातक कचऱ्यासाठी तर दोन अस्तरं घालून मधे निचऱ्याचा थर ठेवतात. वरचं अस्तर गळलं तर तिथे लगेच कळतं.

गावाजवळ क्षेपणभूमी येणार असेल, तर ग्रामसभेने मातीच्या पारगम्यतेचे आणि प्रत्येक सांध्याच्या चाचणीचे कागद मागावेत, तेही पहिला ट्रक रिकामा होण्याआधी. नंतर अस्तर दुरुस्त करायचं म्हणजे सगळा ढीग उपसणं आलं.