लिंबाच्या रोपाचे औषध

शहापूर-मुरबाडकडे पुष्कळ घरांच्या अंगणात लिंबाचे एखादे रोप असते. पावसाळा सुरू झाला की त्याला कोवळी पालवी फुटते. थोड्याच दिवसांत त्या पानांवर चंदेरी, नागमोडी रेघा दिसू लागतात आणि पाने आकसतात. ही नागअळीची करामत! ती पानाच्या पापुद्र्याखाली राहून आतला भाग पोखरते. वरून फवारलेले साधे औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही.

अशा वेळी आंतरप्रवाही कीटकनाशक उपयोगी पडते. 'आंतर' म्हणजे आत आणि 'प्रवाही' म्हणजे वाहणारे. इमिडाक्लोप्रिड हे त्यांपैकीच एक. ते बुंध्याजवळच्या ओल्या मातीत दिले, की मुळे ते पाण्याबरोबर शोषून घेतात. माती कोरडी असेल तर ते तिथेच पडून राहते. मुळांतून ते खोडात, खोडातून पानापानांत जाते. उर्दूत आपण म्हणतो तसे, झाडाच्या रगारगांत भिनते. मग ते पान पोखरणारी नागअळी मरते. रस शोषणारा मावा मरतो आणि लिंबावर 'ग्रीनिंग' रोग पसरवणारी सायला कीडही मरते.

पण जे रगारगांत भिनले ते धुऊन कसे निघणार? झाड फुलावर आले, की तेच विष फुलांतल्या मधात व परागांत उतरते आणि मधमाश्यांना बाधते. याच कारणाने युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्या शेतातला त्याचा वापर बंद केला. म्हणून ते फुले-फळे नसलेल्या लहान रोपापुरतेच ठेवावे. मोठ्या झाडाचे नागअळीने फारसे बिघडत नाही. मुसळधार पावसात तर ते मुळीच देऊ नये. शहापूर तालुक्यातले ओहोळ भातसा आणि तानसा धरणांना मिळतात, आणि ते पाणी मुंबई पिते.

माणसालाही कीटकनाशकांचा धोका आहेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. तेव्हा हे काम मोठ्यांनीच, हातमोजे घालून करावे. डब्यावरचा रंगीत त्रिकोण मात्र तुम्हीही पाहा. लाल रंग सर्वांत विषारी औषधाचा. त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा.

प्रत्येक अळीला औषध लागतेच असेही नाही. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एक अळी असते. ती काडीने उचलून काढली की झाले. एखादी जाळीच्या झाकणाच्या बरणीत ठेवा आणि रोज लिंबाचे ताजे पान घाला. काही दिवसांनी तिचे काळे-पिवळे फुलपाखरू होते.