क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटमापन : काई सीगबान यांचे कार्य आणि संदर्भरेषेचा प्रश्न

प्रास्ताविक : धातूचे गंजणे, उत्प्रेरकाची क्रियाशीलता, रंगाच्या लेपाचे टिकणे यांसारखे गुणधर्म पदार्थाच्या अंतरंगापेक्षा त्याच्या पृष्ठभागावरील मोजक्या अणुस्तरांवर अधिक अवलंबून असतात. या स्तरांचे रासायनिक स्वरूप जाणून घेण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटमापन होय. प्रस्तुत लेखात या तंत्राचे तत्त्व व त्याची एक महत्त्वाची मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे.

तत्त्व : आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये स्पष्ट केलेला प्रकाशविद्युत परिणाम हा या तंत्राचा पाया आहे. ज्ञात ऊर्जेचे क्ष-किरण (ॲल्युमिनियमचा स्रोत असल्यास १४८६.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट) नमुन्यावर टाकले असता अणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. क्ष-किरणांच्या ऊर्जेतून इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा व कार्यफलन वजा केले की बंधन ऊर्जा मिळते. क्ष-किरण खोलवर शिरत असले तरी ऊर्जा न गमावता बाहेर येणारे इलेक्ट्रॉन सुमारे १० नॅनोमीटरपर्यंतच्या थरातीलच असतात. म्हणूनच हे तंत्र पृष्ठभागाचे ठरते.

सीगबान यांचे योगदान : स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात काई सीगबान (१९१८–२००७) व त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च विभेदनक्षमतेचे उपकरण विकसित केले. १९६४ मध्ये सोडियम थायोसल्फेटच्या वर्णपटात गंधकाची दोन स्वतंत्र शिखरे आढळली. मूलद्रव्य एकच, परंतु रासायनिक परिसर भिन्न असल्याने बंधन ऊर्जाही भिन्न, हे त्यातून सिद्ध झाले. १९८१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग त्यांना देण्यात आला.

संदर्भरेषेचा प्रश्न : विद्युतरोधक नमुन्यातून इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर तो धनभारित होतो व सर्व शिखरे सरकतात. ही चूक सुधारण्यासाठी हवेतून नमुन्यावर बसलेल्या कार्बनी थराचे शिखर २८४.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आहे, असे गृहीत धरण्याची प्रथा रूढ झाली. तथापि, स्वीडनमधीलच लिन्शॉपिंग विद्यापीठातील ग्रेचिन्स्की व हुल्टमन यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, या शिखराचे स्थान खालच्या पदार्थानुसार एक इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षाही अधिक बदलते. ते नमुन्याच्या कार्यफलनाशी निगडित असून दोहोंची बेरीज मात्र जवळजवळ स्थिर राहते. अनेक ऑक्सिडीकरण अवस्थांमधील अंतर याहून कमी असल्याने केवळ या गृहीतकावर काढलेले अनुमान चुकीचे ठरू शकते.

निष्कर्ष : प्रयोगशाळेबाहेरून वर्णपट मोजून घेणाऱ्या महाविद्यालयीन संशोधकांनी संदर्भरेषा कोणती व कशी निश्चित केली, याची नोंद शोधनिबंधात अवश्य करावी. शक्य तेथे कार्यफलन मोजावे, तसेच एकाच वर्णपटातील शिखरांमधील अंतरांचा आधार घ्यावा. कारण सर्व शिखरे समान प्रमाणात सरकली, तरी ही अंतरे बदलत नाहीत. यंत्राने दिलेला आकडा आणि त्यातून काढलेला अर्थ यांमध्ये एक गृहीतक असते. ते तपासणे ही संशोधकाचीच जबाबदारी होय.