कोल्हापूरच्या शेजारी कूटनी

कोल्हापूरच्या शेजारी काय, असं विचारलं तर कुणी सांगली म्हणेल, कुणी बेळगाव, आणि आमच्यासारखी माणसं आंबा घाट उतरून थेट रत्नागिरीला येतील. जगभरातल्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, चर्चची एक प्रार्थनायादी आहे, तिला यातलं काहीच मान्य नाही. तिच्यात कोल्हापूरला लागून कोलकाता आहे, तिथून जवळच टांझानियातलं कोंडोआ आणि कॅनडाच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतलं कूटनी. नागपूरच्या अंगणात नैरोबी येतं. मुंबईला केनियाचं मुमियास खेटून बसतं. यामागे कुणाची योजना नाही. नावं इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेली आहेत, एवढंच.

या यादीचं काम मात्र विलक्षण आहे. वर्षाच्या प्रत्येक दिवसावर जगातल्या काही धर्मप्रांतांची नावं टाकलेली असतात. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालचा मुलूख. त्या दिवशी त्या नावांसाठी प्रार्थना करायची. कुठे? जिथे जिथे ही यादी हातात घेतली जाते तिथे: इंग्लंडमधल्या खेड्यात, घानात, फिजी बेटांवर, जपानमध्ये. म्हणजे वर्षातून एक दिवस असा येतो, की कोल्हापूर कुठल्या दिशेला आहे हेही ठाऊक नसलेली माणसं कोल्हापूरसाठी हात जोडतात.

मला हे कळलं तेव्हा पहिला प्रश्न पडला तो हिशेबाचा. अँग्लिकन परिवारात आज ४२ स्वायत्त प्रांत आहेत, १६५ च्या आसपास देशांत पसरलेले, आणि माणसं मोजायची तर आठ-साडेआठ कोटी. या सगळ्यांवर हुकूम चालवणारा पोप नाही. कँटरबरीच्या आर्चबिशपला मान मोठा, पण तो समान दर्जाच्या भावंडांत थोरल्याला मिळावा तसा. नागपूरच्या किंवा नैरोबीच्या कारभारात त्या पदाला बोट घालता येत नाही. मग हे सगळं एकत्र राहतं कशाने? परिषदा आहेत, बैठका आहेत. १८६७ पासून साधारण दर दहा वर्षांनी बिशप मंडळी लॅम्बेथ परिषदेला जमतात. पण साध्या भाविकाच्या रोजच्या दिवसात यातलं काय पोचतं? पोचते ती ही यादी.

ही यादी वाचली जाते ती रोजच्या प्रार्थनेत, आणि त्या प्रार्थनेची घडी बसवली थॉमस क्रॅन्मरने. तो कँटरबरीचा आर्चबिशप. मध्ययुगीन मठांत संन्यासी दिवसरात्र मिळून सात-आठ वेळा प्रार्थनेला उठत. प्रत्येक वेळेची पोथी निराळी, भाषा लॅटिन. क्रॅन्मरची एक तक्रार मोठी गमतीची आहे: वाचण्यापेक्षा काय वाचायचं ते शोधण्यातच वेळ जास्त जातो. त्याने आठांचं दोनावर आणलं. सकाळची प्रार्थना, संध्याकाळची प्रार्थना, दोन्ही लोकांच्या भाषेत, सगळं एका पुस्तकात. ते पुस्तक १५४९ मध्ये वापरात आलं. पुढे सत्ता पालटली आणि १५५६ मध्ये त्याच क्रॅन्मरला ऑक्सफर्डला जिवंत जाळलं. पुस्तक उरलं, सुधारत गेलं, १६६२ मध्ये स्थिरावलं. त्याच सोळाव्या शतकात पैठणला एकनाथ महाराज ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करत होते, शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नाही, पण धर्मग्रंथ सामान्य माणसाच्या जिभेवर नीट बसला पाहिजे ही तळमळ दोन्हीकडे एकाच सुमारास धगधगत होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

क्रॅन्मरच्या पुस्तकातली मला सर्वांत आवडलेली युक्ती म्हणजे स्तोत्रांची वाटणी. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं. त्यांचे साठ भाग पाडले: तीस दिवस, रोज सकाळ आणि संध्याकाळ. महिनाभरात एक पारायण पुरं, एक तारखेला पुन्हा पहिल्या स्तोत्रापासून सुरुवात. ३१ तारीख आली तर तिसाव्या दिवसाचीच स्तोत्रं पुन्हा म्हणायची. ११९ वं स्तोत्र १७६ वचनांचं, ते एका बैठकीत कोण म्हणणार? म्हणून ते २४ तारखेच्या संध्याकाळी सुरू होतं आणि २६ च्या संध्याकाळी संपतं. पण १५ तारखेच्या संध्याकाळी दया दाखवलेली नाही. त्या दिवशी ७८ वं स्तोत्र अखंड, ७३ वचनं. जुन्या रिवाजाने चालणाऱ्या कुठल्याही अँग्लिकन चर्चमध्ये कुठल्याही महिन्याच्या पंधरा तारखेला संध्याकाळी गेलात, तर काय कानावर पडेल हे पंचांग न बघता सांगता येतं. आणि समोर एकही माणूस नसला तरी पाळकाने हा नेम चुकवू नये, चर्चची घंटा वाजवून तो करावा, अशी १६६२ च्या पुस्तकाची आज्ञा आहे. घंटा यासाठी, की लोकांनी यावं, देवाचं वचन ऐकावं आणि पाळकासोबत प्रार्थना करावी.

त्या पुस्तकात पाऊस पडावा म्हणून एक प्रार्थना आहे आणि पाऊस थांबावा म्हणून दुसरी. सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पिणाऱ्या रत्नागिरीत जुलैमध्ये कोणतं पान उघडावं, याबद्दल फारसा वाद व्हायला नको. समुद्रावर गेलेल्यांसाठीही वेगळा विभाग आहे. तो इंग्रजांच्या आरमारासाठी लिहिलेला असला, तरी मिरकरवाड्याच्या बंदरात उभं राहून वाचला तर परका वाटणार नाही.

आता कोल्हापूरच्या नावाखाली रत्नागिरी या यादीत आली कशी? खरं सांगायचं तर आडवाटेने.

कोकणातल्या या जिल्ह्यात प्रॉटेस्टंट मिशनरी पहिल्यांदा उतरले ते १८२३ मध्ये, बाणकोटला. ते होते स्कॉटिश, म्हणजे प्रेस्बिटेरियन. त्यांना बिशप नको, ठरलेल्या शब्दांचं प्रार्थनापुस्तक तर त्याहून नको. बाणकोट-हर्णैच्या बाजूला काही वर्षं काम करून ते मुंबई-पुण्याकडे सरकले. अँग्लिकनांचा पाय टेकला तो दापोलीत, जिथे इंग्रजांचा लष्करी कॅम्प होता. लंडनमध्ये १७०१ साली निघालेल्या एस.पी.जी. या अँग्लिकन मिशनने तिथे शाळा चालवली. आजचं आल्फ्रेड गॅडने हायस्कूल हे तिचंच पुढचं रूप. धर्मशास्त्राचा अफाट इतिहास लिहून भारतरत्न झालेले पां. वा. काणे याच मिशनच्या शाळेत शिकले. साने गुरुजीही दापोलीच्या मिशन शाळेचे विद्यार्थी. हिंदू धर्मशास्त्राच्या सर्वांत मोठ्या अभ्यासकाची मॅट्रिकपर्यंतची तयारी इंग्लंडच्या चर्चने चालवलेल्या शाळेत झाली, हे कोकणालाच शोभतं.

खुद्द रत्नागिरी शहरात मात्र १८७३ पासून ठाण मांडलं अमेरिकन प्रेस्बिटेरियनांनी. त्यांचं मूळ ठिकाण कोल्हापूर. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये तिथे आला होता. पुढे सांगली, मिरज, कोडोली, वेंगुर्ले अशी माळ गुंफली गेली. मिरजेचं वानलेस रुग्णालय याच माळेतलं. या मंडळींत प्रार्थना पाळकाच्या मनातून उमटे, छापील पानावरून नव्हे. गाणी मात्र मराठी मातीतली मिळाली. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, गाव करजगाव, जिल्हा रत्नागिरी. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो अमेरिकन मराठी मिशनकडून, म्हणजे तिसऱ्याच पंथातून. पण त्यांचे अभंग आणि पदं ‘उपासनासंगीता’त गेली आणि पंथांच्या भिंती न जुमानता सगळ्या मराठी मंडळ्यांत गायली गेली. कागदावर एकी व्हायच्या कितीतरी आधी ती टाळ-पेटीवर झाली होती, असं मी तरी मानतो.

कागदावरची एकी झाली २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपूरला. बोलणी सुरू झाली होती १९२९ मध्ये. चाळीस वर्षं! अँग्लिकन चर्च, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल या दोघांचं आधीच जुळलेलं संयुक्त चर्च, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स ऑफ क्राइस्ट, अशा सहा संस्था विसर्जित होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की कळत्या वयात, या प्रश्नावर युरोपात एके काळी माणसं बुडवून मारली गेली होती. इथे ठरलं की दोन्ही चालेल. बिशप हवेत की नकोत? ठेवू, पण निवडणुकीने. आणि सगळ्यांत नाजूक गाठ: कोणत्या परंपरेच्या पाळकाची दीक्षा खरी? ती सोडवायची रीत ऐकून मी थक्क झालो. सगळ्या परंपरांच्या प्रतिनिधींनी एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना केली. कोणाकडे काय कमी आहे हे कुणी बोललं नाही. असेल ते देवाने भरून काढावं, एवढंच मागितलं. अमेरिकन परंपरेचं मोठं मेथडिस्ट चर्च ऐन वेळी बाहेर राहिलं, हेही नोंदवायला हवं.

या नव्या चर्चला अँग्लिकन परिवाराने आपलं मानलं, मेथडिस्ट आणि रिफॉर्म्ड परिवारांनीही मानलं. अशा रीतीने कोल्हापूरच्या माळेतल्या ज्या मंडळ्यांनी शंभर वर्षं बिशप पाहिला नव्हता, त्यांच्या मुलखाचं नाव कँटरबरीच्या यादीत जाऊन बसलं.

त्याच १९७० साली दुसरीही एक गोष्ट घडली, आणि रत्नागिरीकरांनी ती लक्षात ठेवावी अशी आहे. तोवर अँग्लिकनांचा प्रांत भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन मिळून एकच होता. १९७० मध्ये ब्रह्मदेशाने आपला स्वतंत्र प्रांत केला आणि मंडालेला धर्मप्रांत झाला. मंडाले म्हटलं की आपल्याला लोकमान्यांचा तुरुंग आठवतो आणि उलट्या दिशेने ब्रह्मदेशाचा थिबा राजा. तोच थिबा, जो १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीत कैदी म्हणून राहिला. त्याचं बालपण मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्याचे वडील मिंडोन राजे कट्टर बौद्ध. तरी त्यांनी मंडालेत स्वतःच्या खर्चाने एक अँग्लिकन चर्च आणि शाळा बांधून दिली, आणि जॉन मार्क्स या एस.पी.जी.च्या पाद्र्याकडे आपले राजपुत्र शिकायला पाठवले. त्या राजपुत्रांत थिबा होता. त्या चर्चमधलं बाप्तिस्म्याचं कुंड राणी व्हिक्टोरियाने भेट दिलं होतं, आणि पुढे तिच्याच फौजेने त्या विद्यार्थ्याला गादीवरून उचलून अरबी समुद्राकाठी आणून सोडलं. दापोलीला शाळा चालवणारं मिशन तेच, मंडालेचंही तेच.

जागतिक यादीखाली आणखी थर असतात. अनेक धर्मप्रांतांची स्वतःची छोटी यादी असते: आज या गावची मंडळी, उद्या त्या गावची, परवा एखादं वसतिगृह किंवा दवाखाना. त्याखाली मंडळीची स्वतःची यादी. ती छापलेली नसते, पाळकसाहेबांच्या वहीत किंवा डोक्यात असते: कोण आजारी, कुणाची बारावीची परीक्षा, कुणाच्या घरी दुःख झालं. मध्यस्थीची प्रार्थना सुरू झाली की एकाच दमात वहीतल्या आजारी माणसापासून कोंडोआपर्यंत जायचं असतं. हा एवढा मोठा पल्ला रोज एका बैठकीत मारणारी दुसरी रीत माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणि हे एका वेळी होत नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. न्यूझीलंडमध्ये उजाडतं तेव्हा रत्नागिरीला सकाळ व्हायला साधारण पावणेसात तास असतात. मग मेलनेशियाची बेटं, जपान, म्यानमार, बांगलादेश. रत्नागिरी ७३ अंश रेखांशावर, म्हणून आपल्या घड्याळात सहा वाजतात तेव्हा सूर्याच्या हिशेबाने तिथे अजून साडेपाचलाही काही मिनिटं कमी असतात. कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये संध्याकाळची प्रार्थना चालू असते तेव्हा रत्नागिरीत रात्रीचे दहा-अकरा वाजलेले असतात. एकाच तारखेची तीच नावं अशी चोवीस तास पृथ्वीभोवती सरकत राहतात.

यादी वाचणाऱ्याला आणखी एक गोष्ट लवकरच जाणवते. इंग्लंड फार वेळा येत नाही. चर्च ऑफ इंग्लंडचे धर्मप्रांत ४२. एकट्या नायजेरियाचे दीडशेहून अधिक. इंग्रजांचं म्हणून जे चर्च आपण ओळखतो, त्याच्या यादीत आज सर्वांत जास्त वेळा उच्चारावी लागतात ती आफ्रिकेतली गावं. याच आफ्रिकेतल्या अनेक चर्चशी कँटरबरीचं गंभीर भांडणही आहे, मुख्यतः समलिंगी विवाहाच्या आणि बायबल कसं वाचावं याच्या प्रश्नावर. नायजेरिया, युगांडा आणि रवांडा यांचे बिशप २००८ च्या आणि पुन्हा २०२२ च्या लॅम्बेथ परिषदेला बहुतांशी गेलेच नाहीत. आम्ही तुम्हाला पुढारी मानत नाही, असंही त्यांच्यातल्या अनेकांनी जाहीर केलं आहे.

तरी त्यांची तारीख आली की त्यांची नावं घेतली जातात. परिषदेत न आलेल्यांची खुर्ची रिकामी राहते. यादीत तशी सोय नाही, कारण तिथे हजर राहण्याचं काम ज्याचं नाव आहे त्याच्याकडे नसतंच, ते वाचणाऱ्याकडे असतं. बारा महिन्यांत आबापासून, म्हणजे नायजेरियातल्याच एका शहरापासून, सुरुवात होते. मध्ये कुठेतरी कोल्हापूर येतं, आणि कूटनीतला एखादा वाचक ‘ल्हा’पाशी अडखळतो. आपल्याकडच्या वाचकाची गाठ पुढे कॅनडाच्याच ‘क्वापेल’शी पडणार असते, तेव्हा फिटंफाट.