नवीन साउंड सिस्टीमवर गाणी ऐकून कान का थकतात?

नवीन स्पीकर किंवा साउंडबार आला की पहिले दोन दिवस मजा येते. मग अर्ध्या तासातच कान जड वाटतात, चिडचिड होते आणि हात आपोआप रिमोटकडे जातो. आवाज फाटत नाही, बिघाडही दिसत नाही, तरी ऐकवत नाही. याला लिसनिंग फटीग म्हणतात, म्हणजेच ऐकण्याचा थकवा. सिस्टीम परत करायच्या आधी त्याची कारणं बघूया.

कान: आपला कान सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्या ऐकत नाही. साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तो सगळ्यात संवेदनशील असतो. सिस्टीमने हाच भाग थोडा वाढवला, तर दुकानातल्या दोन मिनिटांच्या डेमोत आवाज एकदम 'क्लिअर' वाटतो. घरी दोन तास ऐकताना तोच भाग टोचायला लागतो.

खोली: आपल्या फ्लॅटमध्ये खाली टाइल्स, समोर स्लायडिंगची काच आणि मोकळ्या भिंती. यावरून ट्रेबल आपटून परत येतो. हॉलमध्ये जोरात एक टाळी वाजवा. मागे 'टर्रर्र' असा कोरडा आवाज आला, तर खोलीचाही यात वाटा आहे.

गाणं: काही रेकॉर्डिंगमध्ये हळू आणि मोठ्या आवाजातला फरकच दाबून टाकलेला असतो. मेटालिकाच्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक' अल्बमवर याच कारणाने खूप टीका झाली होती. अशा गाण्यात कानाला विसावा मिळत नाही.

मग दोष कुणाचा, हे कसं ओळखायचं? कोडमधला बग शोधताना मी एका वेळी एकच गोष्ट बदलतो. माझ्या हॉलमध्येही तेच केलं: रोज तीच गाणी, तेवढाच वेळ आणि बदल फक्त एक. क्रम असा ठेवा:

१. व्हॉल्यूम कमी करा.
२. 'क्लिअर व्हॉइस', 'सराउंड' असे मोड बंद करा आणि ट्रेबल शून्यावर आणा.
३. स्पीकरच्या पुढे जाड सतरंजी किंवा गालिचा टाका, काचेवर पडदा ओढा.
४. स्पीकर थेट कानाकडे रोखलेले असतील तर थोडे बाहेर वळवा.
५. इक्वलायझर असेल तर ३ किलोहर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल कमी करा.
६. शेवटी वेगळ्या रेकॉर्डिंगची गाणी लावून बघा.

माझ्याकडे दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीतच काम झालं. सतरंजी तर घरातलीच होती! एवढं करूनही त्रास तसाच राहिला, तर ती सिस्टीम तुमच्या कानाला जमत नाही असं समजा. म्हणून ही तपासणी रिटर्नची मुदत संपायच्या आत उरकून घ्या.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास अशी आहे आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २. मोबाइलच्या साउंड मीटर ॲपवर अचूक नाही, पण अंदाज येतो. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर तो नुसता थकवा नाही. आवाज लगेच कमी करा, आणि त्रास गेला नाही तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. स्पीकर बदलून मिळतो, कान नाही.