आधी विहीर, मग खेळणी

लहान मुलांच्या कुटुंबांसाठी घर तयार करायचं ठरलं की कोकणातला घरमालक बहुधा आधी रंगारी बोलावतो. भिंतीवर छोटा भीम चढतो, अंगणात प्लॅस्टिकची घसरगुंडी येते. मग दिवाळीच्या सुट्टीत पुण्याची गाडी दारात थांबते, दीड वर्षाचं पोर आईच्या कडेवरून उतरतं आणि घसरगुंडीकडे ढुंकूनही न बघता थेट रहाटाकडे धावतं. पुढचे तीन दिवस घरातलं एक मोठं माणूस सतत त्याच्या मागे. त्या माणसाची सुट्टी तिथेच संपली.

निवास-न्याहारी योजनेत नोंदलेलं नवं घर असो की वाडीतलं जुनं कौलारू, खर्चाचा क्रम एकच ठेवावा. जिवाला धोका असेल ते काम आधी, झोप आणि जेवण त्यानंतर, करमणूक शेवटी.

विहीर, दोण आणि बादली

विहिरीचा कठडा निदान साडेतीन फूट उंच हवा आणि तोंडावर लोखंडी सळ्यांची जाळी हवी. पाणी काढायला जाळीत झडप ठेवावी आणि तिला कुलूप लावावं. कठड्याला टेकून ठेवलेला चिरा किंवा उलटी घातलेली बादली म्हणजे मुलाला आयती पायरी, त्यामुळे कठड्याभोवतीची जागा मोकळी ठेवावी. शोषखड्ड्याचं झाकण फुटलेलं किंवा हलत असेल तर ते त्याच आठवड्यात बदलावं.

विहिरीची भीती सगळ्यांनाच असते, दोणीची कुणाला नसते. पण नुकतं चालायला लागलेलं मूल दोन-अडीच इंच पाण्यातही तोंड बुडून गुदमरू शकतं, आणि तेव्हा आरडाओरडा होत नाही. दोण, टब आणि बादल्या वापर झाला की रिकाम्या कराव्यात. डासांची पैदासही त्याने कमी होते.

जिना, माडी आणि झोपाळा

जुन्या घरातला माडीचा जिना उभा असतो आणि बहुतेक वेळा त्याला एकाच बाजूला कठडा असतो. वर आणि खाली दोन्हीकडे सुताराकडून छोटं फाटक करून घ्यावं. वरचं फाटक भिंतीत स्क्रूने पक्कं बसवावं, नुसतं दाबून अडकवलेलं फाटक मुलाच्या धक्क्याने निघून येतं. माडीच्या कठड्यातल्या गजांमध्ये १० सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. गज उभे असावेत, आडव्या गजांची मुलं शिडी करतात.

पडवीतला झोपाळा पाहुण्यांना फार आवडतो. त्याच्या फळीची कड मात्र रांगत्या मुलाच्या कपाळाच्या उंचीवर येते. पाहुण्यांत तान्हं किंवा रांगतं मूल असेल तर ते असेपर्यंत फळी काढून ठेवावी.

न्हाणीघर

६० अंश तापमानाच्या पाण्याने लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजते. गिझरचं बटण ५० अंशांच्या खाली ठेवावं आणि भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावं: बादलीत आधी गार पाणी, मग गरम. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर लावूच नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत काही कळत नाही. चुलीवरच्या पाण्याची हौस पाहुण्यांना असते. ती जरूर पुरवावी, पण चुलीभोवती कमरेएवढा आडोसा करून.

कमोडवर बसवायची छोटी बैठक, पायाखाली एक ठेंगणं स्टूल आणि घसरू नये म्हणून रबरी चटई, एवढं पुरतं. विजेसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि आतून झडप असलेली सॉकेट बसवून घ्यावीत.

झोपायची सोय

आपल्याकडे तीन-चार वर्षांचं मूल आईबापांपासून वेगळं झोपत नाही. म्हणून आकर्षक बंक बेडवर पैसे घालण्यापेक्षा एक खोली पलंगाशिवाय ठेवून तिथे जमिनीवर गाद्या घालाव्यात. चौघंजण सलग झोपतात आणि रात्री कुणी पडत नाही. गादीवर रबरी चादर, वर मच्छरदाणी आणि कोपऱ्यात मंद दिवा असावा. वीज गेली तरी पंखा चालेल एवढा इन्व्हर्टर हवाच.

वर्षाच्या आतलं बाळ सपाट, घट्ट गादीवर उताणं झोपवावं. उशी, जाड रजई, मऊ खेळणी त्याच्याजवळ नकोत. माजघराच्या तुळईला पाळण्याच्या जुन्या कड्या असतील तर पाहुणे झोळी बांधायला मागतात. आधी त्या कड्यांवर मोठ्या माणसाचं वजन टाकून बघावं, मगच हो म्हणावं.

स्वयंपाकघर आणि ताट

विळी, कोयता आणि खोवणी जमिनीवर ठेवायची आपली सवय आहे. पाहुण्यांत मूल असेल तेव्हा त्यांची जागा उंच फळीवर. पाहुण्यांना रात्री अकरा वाजता दूध गरम करायचं असतं, सकाळी मुगाची खिचडी टाकायची असते. त्यांच्यासाठी एक इंडक्शन शेगडी, दोन लिटरचा कुकर आणि किटली वेगळी काढून ठेवली की कुणाला तुमची झोप मोडावी लागत नाही.

जेवणात मऊ भात, तूप, मेतकूट, नाचणीचं सत्त्व यांची तयारी असावी. मालवणी तिखटाशिवायची वाटीभर आमटी मसाला घालण्याआधीच बाजूला काढावी. मासा द्यायचा तर सुरमईचा काटा काढलेला तुकडा द्यावा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, गावचा अस्सल असला तरी.

परसातली झाडं, विंचू आणि साप

कुंपणाला लावलेल्या मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात आणि मुलं त्या खातात. मग उलट्या-जुलाब सुरू होतात. कण्हेर आणि गुंज त्याहून घातक आहेत. ही झाडं खेळायच्या जागेजवळून काढून टाकावीत. मे महिन्यात ओल्या काजूच्या बीचा चीक कोवळ्या कातडीला उततो. पाहुण्यांना हे माहीत नसतं, ते तुम्हीच सांगायचं. अंगणातल्या माडांचे नारळ हंगामाआधी पाडेलीकडून उतरवून घ्यावेत.

चिऱ्यांचे ढीग, लाकडं आणि पाचोळा म्हणजे विंचू आणि फुरशांची घरं. ते घरापासून लांब रचावेत, आणि चपला झटकून घालायची सूचना द्यावी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरायची वाट दाखवली आणि त्यातून असंख्य जीव वाचले. पण मूल वेळेत दवाखान्यात पोचलं तरच औषधाचा उपयोग. सर्पदंशाचंही तसंच. चिरा देणं, दोरी आवळणं, मंत्र घालणं यात वेळ घालवू नये.

खेळणी

आता खेळण्यांकडे वळू. वाळूसाठी बादली-फावडं, घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्या, पाटी-खडू, चित्रांची दहा-बारा मराठी पुस्तकं आणि पावसाळी दिवसासाठी सारीपाट. माडाच्या पातीची पिपाणी करून दाखवणारे आजोबा घरात असतील तर निम्मं काम झालं. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जाणारी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको, मग सागरगोटे असोत की मणी. रिमोटमधली बटणासारखी बॅटरी पोटात गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, त्यामुळे तिचं झाकण स्क्रूने बंद होणारं असावं.

दारामागचा कागद

दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा. त्यावर १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक, जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा फोन आणि तिथे जायला लागणारा वेळ लिहावा. मोबाइलला रेंज अंगणात नेमकी कुठे येते तेही लिहावं. शेजारी भरती-ओहोटीचं वेळापत्रक असावं. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा की तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, त्या दिवशी मुलांना पाण्यापासून लांब ठेवावं. कपाटात ओआरएसची पाकिटं आणि थर्मामीटर ठेवावा. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायचं असतं, हेही त्या कागदावर यावं.

जाहिरातीतही खरं ते लिहावं: जिना उभा आहे, विहीर आहे पण झाकलेली आहे, समुद्र चालत इतक्या मिनिटांवर आहे. ज्यांना हे झेपणार नाही ते येणार नाहीत, आणि येणारे सगळं माहीत असून येतील.

गणपती गावाला गेले की दिवाळीपर्यंत हाताशी थोडे दिवस असतात. तेवढ्यात लोहार, सुतार आणि गवंडी बोलावून घ्या. रंगाऱ्याला पुढच्या वर्षी बोलावलं तरी चालेल.